सही बरोबर, रक्कम बरोबर, खातं चुकीचं: सांगलीतल्या एका हळद पेढीचं प्रकरण

28 मार्च 2024, गुरुवार. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला सांगलीतल्या एका हळद पेढीच्या खात्यातून 6 लाख 84 हजार 400 रुपये आरटीजीएसने गेले. बिल खरं होतं. रक्कम रुपयाला रुपया बरोबर होती. माल 10 फेब्रुवारीलाच कुपवाडच्या गोडाऊनला येऊन पडला होता. चेकवर सही मालकांचीच होती. फक्त पैसे ज्या खात्यात जमा झाले, ते खातं माल देणाऱ्याचं नव्हतं.

या पेढीची कॉम्प्युटर, टॅली आणि मेलची कामं मी बघतो. त्यामुळे मी नुसता लिहिणारा नाही, चुकलेल्यांच्या यादीतही आहे. मालकांना विचारून लिहितोय. पेढीचं, पुरवठादाराचं, बँकेचं नाव देणार नाही, आणि त्याने काही अडतही नाही.

पेढी आणि तिची वही

पेढी मार्केट यार्डात. थोरले मालक, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, रोज सौद्याला उभे असतात. उघड बोली चालू असताना हळकुंड मोडून आतला रंग बघायचा आणि आकडा बोलायचा, हे त्यांचं काम. त्या दोन तासांत ते फोन उचलत नाहीत. धाकटे मालक कुपवाड एमआयडीसीतलं दळप आणि पॅकिंग बघतात. हिशेब, बँक आणि मेल ताईंकडे. ताई या पेढीत चौदा वर्षं आहेत. बिलातला पाच रुपयांचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाई निष्काळजी असणार.

2019च्या आधी पेढीचं जुनं दुकान गणपती पेठेत होतं. त्या वर्षीच्या महापुरात पाणी आत शिरलं आणि इतर कागदांबरोबर एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही गेली. तिच्यात तीस वर्षांच्या पार्ट्यांचे पत्ते आणि फोन नंबर होते. पुरानंतर कारभार यार्डात आला, बिलं मेलवर आली, टॅलीचा बॅकअप रोज होऊ लागला. वही मात्र परत कुणी घातली नाही. नंबर आण्णांच्या मोबाईलमध्ये आहेत की, असं सगळे म्हणायचे. फिशिंगच्या, म्हणजे खोट्या मेलने फसवण्याच्या, लेखात वहीचं काय काम, असं वाटेल. पण मला विचाराल तर पुढचं सगळं या वहीपाशीच येऊन अडलं.

12 फेब्रुवारी

त्या सोमवारी ताईंना एक मेल आला. तुमच्या मेलबॉक्सची जागा 98 टक्के भरली आहे, 24 तासांत खात्री केली नाही तर येणारे मेल थांबतील, खाली बटण. पाठवणाऱ्याचं नाव ‘मेल ॲडमिन’. ताई तेव्हा बँकेच्या रांगेत उभ्या होत्या, मेल मोबाईलवर उघडला. बटण दाबल्यावर आलेल्या पानावर पेढीचं नाव होतं आणि ताईंचा मेल आयडी आधीच भरलेला होता. त्यांनी पासवर्ड टाकला. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं आलं. पुन्हा टाकला. मग ‘धन्यवाद’ म्हणून पान आपल्या खऱ्या वेबसाइटवर जाऊन थांबलं.

पासवर्ड दोनदा मागणं ही या लोकांची ठरलेली रीत आहे. पहिल्यांदा घाईत चूक होते, दुसऱ्यांदा माणूस जपून टाकतो; दोन्ही सारखे आले की त्यांची खात्री होते. पानावर पेढीचं नाव दिसण्यातही जादू नाही. मेल आयडी लिंकमध्येच कोंबलेला असतो आणि पान त्यातलं डोमेन, म्हणजे ‘@’च्या पुढचा भाग, उचलून मथळ्यात छापतं.

हा मेल ओळखता आला असता. पूर्ण प्रकरणात ओळखता येण्यासारखी जागा हीच होती, म्हणून इथे जरा थांबतो.

‘मेल ॲडमिन’ हे नाव कुणीही लावू शकतं. मोबाईलवर त्या नावावर बोट ठेवलं की खाली खरा पत्ता उघडतो. तो एका भलत्याच परदेशी डोमेनचा होता. लिंकचा पत्ता कसा वाचायचा हेही आपल्याकडे कुणी शिकवत नाही. आपण डावीकडून वाचतो आणि सुरुवातीला पेढीचं नाव दिसलं की समाधान मानतो. पण पत्त्याचा मालक कोण ते उजवीकडून कळतं. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, पुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच आधीचे दोन तुकडे बघायचे, शेवट ‘डॉट को डॉट इन’सारखा असेल तर तीन. जागा त्यांच्या मालकीची. त्याच्या आधी लिहिलेलं सगळं भाडेकरूने दारावर लावलेल्या पाटीसारखं, वाटेल ते लिहिता येतं. कुलपाच्या चित्राचाही उपयोग नाही. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या वेबसाइटमध्ये तिसरा कुणी वाचत नाही. वेबसाइटच चोराची असेल तर कुलूपही त्याचंच.

आणखी एक खूण होती, ती मला ताईंनीच नंतर सांगितली. “रोज पासवर्ड आपोआप यायचा की वो. त्या दिवशी आला नाही, म्हणून मी पर्समधली चिठ्ठी काढून बघितला.” ब्राउझरने जपून ठेवलेला पासवर्ड डोमेन जुळलं तरच भरला जातो. माणसाचा डोळा फसतो, ब्राउझर एकेक अक्षर जुळवतो. रोज आपोआप भरणारी चौकट एखाद्या दिवशी कोरी दिसली तर तिथेच हात आखडायचा.

दोन दिवसांनी ताईंनी मला फोनवर सांगितलं होतं, “मेलबॉक्स भरलाय म्हणत होता, मी केलं ते.” मी गाडीवर होतो. “बरं बरं” म्हणालो. आमच्या मेलबॉक्समध्ये निम्मी जागा रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरीही डोक्यात काही वाजलं नाही. दोन टप्प्यांची पडताळणीही मी लावलेली नव्हती. कारण काय, तर खातं ताई आणि धाकटे मालक दोघं वापरतात, ओटीपी कुणाच्या फोनवर पाठवायचा यावर एकमत झालं नव्हतं. एवढ्याशा कारणावर वर्ष गेलं होतं.

सहा आठवडे शांतता

पासवर्ड गेल्यावर काहीच झालं नाही. खातं बंद पडलं नाही, कुणाला विचित्र मेल गेले नाहीत, पैसे मागितले गेले नाहीत. कुणीतरी फक्त वाचत बसलं होतं. वेबमेलची नोंद मी नंतर काढली तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये अनोळखी पत्त्यांवरून सतरा वेळा लॉगिन झालेलं दिसलं, बहुतेक रात्री.

त्यांना काय वाचायला मिळालं? गुजरातमधल्या एका कारखान्याकडून पेढी छापील लॅमिनेटचे रोल घेते, हळद पावडरीच्या पाऊचसाठी. 10 फेब्रुवारीचं बिल 6,84,400 रुपयांचं. ऑर्डरवर 45 दिवसांची उधारी लिहिलेली. पुरवठादार लघुउद्योगात नोंदलेला, बिलावर उद्यम नंबर छापलेला. त्या मार्चमध्ये व्यापाऱ्यांची झोप उडवणारं जे आयकराचं कलम होतं, 43बी(एच), ते इथे थेट लागू होत होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, दिलं नाही आणि 31 मार्चलाही बाकी राहिलं, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा धरायचा नाही. 2023-24 हे या कलमाचं पहिलंच वर्ष. यार्डात चहाच्या गाड्यावरसुद्धा दुसरा विषय नव्हता.

पुरवठादाराने 20 मार्चला आठवणीचा मेल पाठवला: 31च्या आत तुमच्याही सोयीचं होईल. हा मेल खरा होता. म्हणजे घाई निर्माण करायला चोराला काहीच करावं लागलं नाही. ती आयकर कायद्याने केली होती, कॅलेंडरने केली होती. त्यात त्या वर्षी हळद तेजीत, खरेदीत पैसा अडकलेला, देणी शेवटच्या आठवड्यावर ढकललेली. 25 तारखेला धुळवड, 29ला गुड फ्रायडे. चोराने फक्त रांगेत आपला नंबर लावला.

21 मार्चला ताईंच्या मेलबॉक्समध्ये एक फिल्टर बसवला गेला. पुरवठादाराच्या खऱ्या पत्त्यावरून येणारा प्रत्येक मेल वाचलेला अशी खूण करून आडबाजूच्या फोल्डरमध्ये टाकायचा. शिवाय फॉरवर्ड लावला गेला: मेलबॉक्समध्ये येणाऱ्या सगळ्याच मेलची एक प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवायची. त्या दिवसापासून खरा माणूस लिहीत होता आणि ताईंना काहीच दिसत नव्हतं.

26 मार्चचा मेल

मंगळवारी आलेला मेल जुन्याच संभाषणात आला. खाली ताईंचे आणि पुरवठादाराचे आधीचे सगळे मेल जसेच्या तसे. विषय तोच. सोबत तेच बिल, तोच नंबर, तीच रक्कम, फक्त तळाशी बँकेचा तपशील निराळा. मजकूर चार ओळींचा: वर्षअखेरच्या ऑडिटमुळे जुन्या खात्यावर सध्या जमा घेता येत नाही, या वेळचे पैसे सोबतच्या खात्यावर पाठवावेत, अडचण असल्यास खालच्या नंबरवर बोलावं.

इंग्रजी स्वच्छ होतं. स्पेलिंगच्या चुका शोधा, ही पोस्टरवरची शिकवण आता मोडीत काढावी असं माझं मत आहे. तिने लोकांना उलट धीर येतो, चुका नाहीत म्हणजे मेल खरा.

पत्त्यात एकच फरक होता. पुरवठादाराच्या डोमेनमध्ये मधे इंग्रजी ‘एम’ येतो. इथे त्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं चिकटून होती. लहान टाइपात ती ‘एम’सारखीच दिसतात. पेढीतल्या जुन्या मॉनिटरवर मला स्वतःला, फरक कुठे आहे हे माहीत असूनही, दोनदा बघावं लागलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ताईंनी फोन केला.

हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, कारण आधी कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. सगळे ‘एक फोन करायला काय झालं होतं’ एवढंच म्हणत होते. बुधवारी दुपारी त्यांनी मेलच्या तळाशी दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडे हिंदी बोलणारा माणूस. हो, आमचंच खातं आहे, मी इथे नवीन आहे, ऑडिटचं चालू आहे. बिलाचा नंबर त्याला पाठ होता. ताईंना एक गोष्ट खटकली. तिथले जुने कारकून काका गेली नऊ वर्षं फोन उचलला की आधी “नमस्ते बहनजी, सांगली में बारिश कैसी है?” म्हणतात, मग मार्च असो की ऑगस्ट. मेलमध्येही ‘बहनजी’ असतंच. या माणसाने ‘मॅडम’ म्हटलं.

“मग काकांना का नाही लावला?” मी विचारलं.

“त्यांचा नंबर आण्णांच्या मोबाईलमध्ये. आण्णा सौद्यात. आणि काय सांगायचं होतं मी? बहनजी म्हणाला नाही म्हणून पैसे थांबवले असं?”

पंधराच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका पार्टीचं पेमेंट ताईंनी शंका आली म्हणून एक दिवस अडवलं होतं. शंका खोटी निघाली आणि धाकट्या मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना ऐकवलं होतं.

गुरुवारी चेक आणि आरटीजीएसचा फॉर्म बँकेत गेला. नेटबँकिंगवर नवीन खातं जोडलं असतं तर बहुतेक बँका काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. काउंटरवर चेक दिला की तो अडथळाही नाही. फॉर्मवर नाव पुरवठादाराचं लिहिलं होतं, आणि पैसे तरीही गेले. याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. तेव्हा रक्कम खाते क्रमांकावर जमा व्हायची, नाव जुळतं का ते बघितलं जाईलच असं नव्हतं. खातं प्रत्यक्षात एका खासगी व्यक्तीच्या नावावर होतं. आयएफएससी कोडमध्ये अकरा जागा असतात. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. तो कोड कुणी शोधून बघितला असता तर गुजरातच्या कारखान्याचं ‘नवीन खातं’ भलत्याच राज्यातल्या शाखेत निघालं असतं.

शनिवार, सकाळी 10 वाजून 20 मिनिटं

शुक्रवारी बँक बंद. शनिवारी काकांचा फोन आण्णांच्या मोबाईलवर आला. पैसे मिळाले नाहीत, तीन मेल केले, बहनजी उत्तर देत नाहीत, सब ठीक है ना?

साडेत्रेचाळीस तास उलटले होते.

त्या दिवशी आम्ही जे केलं त्यातलं काही बरोबर होतं आणि काही मूर्खपणाचं. ताईंनी 1930 लावला. ही केंद्र सरकारची आर्थिक सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिच्यामागच्या यंत्रणेत पोलीस आणि बँका एकाच ठिकाणी जोडलेल्या आहेत, त्यामुळे तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात दिसतील तिथे ते रोखता येतात. पहिले तीन वेळा लाइन लागली नाही, म्हणून मी तोवर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरायला घेतली. दोन्हीकडे पहिली मागणी यूटीआर नंबरची, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेल्या क्रमांकाची. तो आमच्याकडे नव्हता, पावती धाकट्या मालकांच्या गाडीत होती. वीस मिनिटं त्यात गेली. पाचवा शनिवार असल्याने बँक उघडी होती, हे नशीब. आण्णा सौदा सोडून स्वतः शाखेत गेले. चौदा वर्षांत ताईंनी त्यांना चालू बोलीतून बाहेर पडलेलं पहिल्यांदा बघितलं. शाखेने समोरच्या बँकेला फसवणूक कळवणारा मेल आमच्यासमोर टाकला आणि लेखी अर्जावर शिक्का दिला.

मूर्खपणा माझा. मी आल्याआल्या पासवर्ड बदलला आणि काम झालं असं समजलो. फिल्टर तसाच होता. पासवर्ड बदलल्याने फिल्टर जात नाही, फॉरवर्डही थांबत नाही. त्यामुळे पोर्टलची पोच, बँकेशी झालेला मेलव्यवहार, आम्ही नेमकं काय शोधतोय, हे सगळं संध्याकाळपर्यंत चोराला आपोआप पोचत राहिलं. काका म्हणाले मी तीन मेल केलेत, आणि ते इनबॉक्समध्ये नाहीत, तिथे मला शंका यायला हवी होती. ती सहा वाजता आली. क्रम असा हवा होता: दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून आत जायचं, फिल्टर आणि फॉरवर्डचा आधी स्क्रीनशॉट घ्यायचा, मग ते काढायचे, सगळीकडचे लॉगिन बाहेर काढायचे, मग पासवर्ड, मग दोन टप्प्यांची पडताळणी. आणि या सगळ्याबद्दलचा पत्रव्यवहार त्या मेलबॉक्सवरून करायचाच नाही.

एक चूक मात्र होता होता वाचली. धाकटे मालक रागाने तो मेल डिलीट करायला निघाले होते. मेल हाच पुरावा. तो पुढे ढकलूनही चालत नाही, कारण ढकलताना मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची आतली नोंद, जातो. मेल उघडून ‘मूळ स्वरूपात जतन करा’ अशा पर्यायाने पूर्ण फाइल उतरवायची, आणि तिची प्रत पोलिसांना द्यायची.

हेडरमध्ये काय निघालं

त्या रात्री मी हेडर वाचत बसलो. मेल खरा की खोटा हे सर्व्हर तपासतात त्या तीन चाचण्या असतात: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. मला वाटलं होतं, निदान एक तरी नापास असेल आणि आपल्या सर्व्हरने तो अडवला नाही म्हणून कुणावर तरी खापर फोडता येईल. तिन्ही पास होत्या.

ते बरोबरच आहे. मेल ज्या डोमेनवरून आल्याचं म्हणतोय तिथूनच आलाय का, एवढंच या चाचण्या सांगतात. ‘आर-एन’वालं डोमेन चोराने रीतसर विकत घेतलं होतं, त्याच्या नोंदी नीट लावल्या होत्या. आधार कार्ड खरं, माणूस दुसराच, तसा प्रकार. डोमेनची नोंदणी बघितली तर ते 19 मार्चला घेतलेलं निघालं, मेलच्या अवघे सात दिवस आधी. नऊ वर्षांच्या पार्टीचं डोमेन आठवड्याचं असत नाही. पण ही गोष्ट कुठलाही हिशेबनीस बघणार नाही आणि त्याने बघावी अशी अपेक्षाही मी करणार नाही.

पैसे

तक्रार भारतीय दंड संहितेच्या 420 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66सी व 66डी कलमांखाली नोंदली गेली. 66सी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरण्याबद्दल, 66डी कॉम्प्युटरच्या मदतीने सोंग घेऊन फसवण्याबद्दल. गुन्हा मार्चमधला, म्हणून कलमं जुन्या संहितेची. न्याय संहिता त्याच वर्षी 1 जुलैपासून आली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंतच रक्कम पाच खात्यांत फुटली होती आणि तिथून पुढे एटीएमवाटे निघाली होती. एका खात्यातले 1 लाख 12 हजार 650 रुपये तेवढे रोखले गेले. ते परत मिळायला कोर्टात अर्ज करावा लागला आणि दिवाळी उलटली. बाकीचे गेले.

बँकेकडून भरपाई मिळेल का, याची धाकट्या मालकांना फार आशा होती. कुणीतरी त्यांना रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017चं परिपत्रक दाखवलं होतं. ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर बोजा नाही, असं त्यात आहे. पण ते ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांबद्दल. इथे चेकवर सही स्वतः धाकट्या मालकांची होती. बँकेने नकार दिला. मला तो कडू लागला, तरी चुकीचा म्हणता येणार नाही.

आणि पुरवठादाराचं देणं तसंच उभं होतं. पैसे भलत्याला दिले म्हणून ज्याचे द्यायचे त्याचे फिटत नाहीत. धाकटे मालक म्हणत होते, निम्मं त्यांनी सोसावं, मेल त्यांच्या नावाचा होता. आण्णांनी एका वाक्यात विषय संपवला: “दार आपलं उघडं होतं.” रविवारी, 31 मार्चला, घरातली एक ठेव मोडण्याचा विचार झाला, पण रविवारी ती मोडून मिळेना. पैसे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. म्हणजे 43बी(एच)ने गाठलंच. तो खर्च 2023-24 मध्ये धरता आला नाही, पुढच्या वर्षात गेला. सीए म्हणाले, वजावट बुडत नाही, एक वर्ष पुढे सरकते. त्या दिवशी तो फरक समजून घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

ताईंनी राजीनामा लिहून आणला होता. आण्णांनी तो वाचला नाही, गल्ल्यात ठेवला. मग धाकट्या मालकांना म्हणाले, “त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी पैसे अडवले तेव्हा तू काय बोललास, ते मला बाहेरून कळलं.” पुढे कुणी काही बोललं नाही.

नंतर

मी पडताळणी लावली, ओटीपी आता ताईंच्या फोनवर येतो. धाकट्या मालकांना स्वतःचा वेगळा आयडी दिला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी फिल्टर आणि फॉरवर्डची यादी उघडून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे. रिझर्व्ह बँकेने 30 डिसेंबर 2024ला परिपत्रक काढून बँकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यायला सांगितली. ती नेटबँकिंगवर आहे, शाखेत जाणाऱ्यालाही आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. मार्च 2024 मध्ये ती असती तर हा लेख नसता. पण काउंटरवर ती मागावी लागते, ताई मागतात.

आणि वही परत आली. लाल कापडी बांधणीची मिळाली नाही, निळ्या पुठ्ठ्याची आहे. आण्णांनी मोबाईल बाजूला ठेवून एकेक नंबर सांगितला आणि ताईंनी उतरवला. दोन रविवार लागले. प्रत्येक पार्टीपुढे नंबर, तिथे कोण उचलतं त्याचं नाव आणि शेवटचे चार आकडे खात्याचे. खातं बदललं असं कुणीही, कसंही कळवलं तरी फोन वहीतल्या नंबरवर जातो, मेलमधल्या नाही, आणि तो होईपर्यंत चेक फाटत नाही. सौदा चालू असला तरी ताईंनी आण्णांना हाक मारायची, हेही ठरलंय. आतापर्यंत दोनदा मारली. दोन्ही वेळा शंका खोटी निघाली, दोन्ही वेळा आण्णा बोली सोडून आले.

गेल्या वर्षी त्या गुजरातच्या कारखान्याने खरोखरच बँक बदलली. रीतसर लेटरहेडवर पत्र, सही, शिक्का, रद्द केलेला चेक, सगळं मेलने आलं. ताईंनी वही काढून फोन लावला. काका तीन दिवस गावी गेले होते. पलीकडच्या मुलाने परोपरीने सांगितलं, मॅडम, पत्र खरं आहे, मी मालकांचा पुतण्या आहे. ताईंनी पैसे धरून ठेवले. चौथ्या दिवशी काकांचाच फोन आला.

“नमस्ते बहनजी, सांगली में बारिश कैसी है?”

ताईंनी चेक फाडला.